कॅनडात नोकरी शोधताना: सर्टिफिकेट आणि गॅप

सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं) आणि एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) यांची सर्टिफिकेटं ३ वर्षं चालतात. म्हणून मी रेझ्युमेत प्रत्येकापुढे मिळाल्याचा आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष लिहिलं, शेजारी क्रेडलीची (सर्टिफिकेट खरं असल्याचं ऑनलाइन दाखवणारी साइट) लिंक दिली. मुदत संपलेली सरळ काढली.

नोकरीतला गॅप (मधला रिकामा काळ) झाकायला महिने गाळून नुसती वर्षं लिहू नका. बॅकग्राउंड चेकमध्ये (कंपनीने केलेल्या पडताळणीत) तारखा जुळल्या नाहीत तर हाती आलेली ऑफरही जाऊ शकते. त्याऐवजी कामाच्या यादीतच एक ओळ टाकली: 'मार्च २०२३ ते जानेवारी २०२४: कॅनडात स्थलांतर; सीसीएनए पूर्ण; घरी नेटवर्किंग लॅब'. इतकं पुरतं, आजारपण किंवा बाळंतपणाचा तपशील देणं गरजेचं नाही.

फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती हे आपल्याकडचे रकाने इथे नकोत. आणि ओंटारिओत परवाना नसताना 'प्रोफेशनल इंजिनिअर' लिहायला कायद्याने बंदी आहे.