पिल्लाच्या चौकशीचा मेल: घेणाऱ्याने काय विचारावं, देणाऱ्याने काय कळवावं

‘लॅब किती?’, म्हणजे लॅब्रडॉर कुत्र्याचं पिल्लू कितीला, एवढ्याच मेलला जबाबदार ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारे) सहसा उत्तर देत नाहीत. पिल्लू कुठल्या घरात जाणार, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. म्हणून आधी घराची माहिती, मग प्रश्न आणि शेवटी किंमत, हा क्रम ठेवा. विषयाच्या ओळीत जात, नर की मादी आणि तुमचं गाव लिहा. पाच जणांना एकच मेल सीसी करून पाठवू नका.

उदाहरणार्थ:

‘नमस्कार. आपल्याकडच्या लॅब्रडॉरच्या मादी पिल्लाची चौकशी करायची आहे. आम्ही चिंचवडला दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात चौघं, धाकटा मुलगा सहा वर्षांचा. आई दिवसभर घरी असते. याआधी कुत्रा पाळलेला नाही. पिल्लांची जन्मतारीख, दिलेल्या लसी व जंताचं औषध यांच्या तारखा आणि आई-वडिलांच्या खुब्याच्या एक्स-रेचा अहवाल कळवाल का? किंमत आणि विसाराच्या अटीही कळवाव्यात. रविवारी सकाळी पिल्लांना त्यांच्या आईसोबत पाहायला येता येईल का?’

यातला प्रत्येक प्रश्न कामाचा आहे. श्वान प्रजनन व विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, म्हणून जन्मतारीख हवी. लॅब्रडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक असतो. पिल्लाकडे बघून तो कळत नाही, म्हणून आई-वडिलांचा एक्स-रे मागायचा. पिल्लांच्या आईला दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर पिल्लं बाहेरून आणून विकली जात असण्याची शक्यता मोठी. तिथे पुढे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपला-कपड्यांवरूनही पसरतो. एका दिवशी एकाच ठिकाणी जा आणि तसं मेलमध्ये आधीच लिहा. जाणत्या ब्रीडरला ते लगेच पटतं.

आता देणाऱ्याची बाजू. दोन दिवसांत उत्तर द्या, पिल्लू दिलं गेलं असेल तरीही. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी आणि मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) 15 अंकी क्रमांक न मागता कळवा, लसीकरण पुस्तिकेच्या पानाचा फोटो जोडा. ‘लसीकरण पूर्ण’ असं मोघम लिहू नका. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत होतो, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण झालेलं असूच शकत नाही. केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदांवरून वंशावळ कळते, प्रकृतीची हमी मिळत नाही, हेही घेणाऱ्याला सांगा. एखादं घर नाकारायचं असेल तर कारण लिहा: ‘दिवसाचे दहा तास पिल्लू एकटं राहील, म्हणून देता येणार नाही’. घेणाऱ्याला वाईट वाटेल, पण पिल्लाचं भलं होईल.

पैशांचं बोलणं मेलवरच ठेवा. विसार किती, कशासाठी, पिल्लू आजारी निघालं तर तो परत कधी मिळणार, हे लेखी असावं. पिल्लू प्रत्यक्ष पाहण्याआधी विसार देऊ नका. ‘विमानतळावर अडकलंय, विम्याचे पैसे भरा’ असा मेल आला तर ती फसवणूक समजा. विक्रेतेही फसतात: ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं समोरचा सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

विचार बदलला तर घेणाऱ्याने त्याच दिवशी कळवावं. तुमच्यासाठी राखून ठेवलेलं पिल्लू दुसऱ्या घराला मिळण्याचे दिवस तेवढ्यात निघून जातात. पिल्लू घरी आणलं की दोन-तीन दिवसांत पशुवैद्याला दाखवा आणि त्यांचं निदान ब्रीडरला मेलने कळवा. त्याच वेतातल्या बाकीच्या पिल्लांनाही तोच आजार असू शकतो.