नातीचं पार्लर, गिऱ्हाईक आजी

दुपारची झाकपाक करून आजी जरा टेकली, की नातीला नेमकं तेव्हाच पार्लर उघडायचं असतं. उघडू द्या. फक्त क्रम असा लावा, की पोरीचा खेळ होईल आणि आजीला उठबस न करता आराम मिळेल.

आधी बैठक. पाठ टेकेल अशी खुर्ची, पायाखाली पाट, खांद्यावर जुना पंचा. चष्मा आणि श्रवणयंत्र तुम्हीच काढून उंचावर ठेवा.

सुरुवात केसांपासून करा. पोर मागे उभी राहते, आजीला डोळे मिटता येतात. वाटीत थोडं कोमट खोबरेल घ्या, आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. नखं न लावता बोटांनी चोळायचं. मग मोठ्या दातांचा कंगवा. गुंता टोकाकडून वर सोडवत जायचा, नाहीतर आजी कळवळते. अंबाडा पोरीला जमत नाही, दोन वेण्या आणि लाल रिबिनी जमतात. घालू द्या, छान दिसतात.

चेहऱ्याला हात हलका हवा. म्हातारपणी कातडी पातळ होते, घासलं की सोलवटते. पावडर तळहातावर घेऊन लावावी. डबा उपडा केला की आजीला ठसका. काजळ डोळ्यांत घालू नये, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्यांच्या आसपासही काही नको.

टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तसं असेल तर ओल्या गंधाचा ठिपका द्यावा. आजोबा नसतील तर इथे मोठी माणसं एकदम गप्प होतात, कुणीतरी पोरीचा हात धरतं. धरू नये. लावायची की नाही, ते आजी सांगेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. घरात तर ठरावाचीही गरज नाही.

नेलपॉलिश शेवटी. गडद रंगामुळे ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो, म्हणून एक बोट कोरं ठेवा. आजीला मधुमेह असेल तर पायाची नखं कापायचा खेळ अजिबात नको.

फोटो जरूर काढा, पण घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी आजीला दाखवा. आणि खोबरेल, कापूस जवळ असू द्या. लिपस्टिक पुसायच्या वेळेला पार्लरवाली खेळायला गेलेली असते.