पेटीची बेसूर रीड सुरात आणताना

पेटीतील एखादा स्वर उतरलेला वाटला, तरी लगेच कानस हाती घेऊ नये. रीडमधील पितळी जिभेच्या टोकावर साचलेल्या मळाच्या भारानेही स्वर उतरतो आणि नाशिकच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या पेट्यांमध्ये हे हमखास आढळते. आधी मऊ ब्रशने रीड स्वच्छ करून पुन्हा वाजवून पाहावी.

रीड म्हणजे पितळी चौकटीला एका टोकाशी रिव्हेटने जखडलेली पितळी जीभ. भात्यातील हवा फटीतून वाहू लागली की जीभ खाचेत ओढली जाते, स्वतःच्या ताठपणामुळे परत उसळते, आणि या ये-जा करण्याने हवेचा प्रवाह तुटक होऊन सुटतो. आपल्याला ऐकू येतो तो प्रामुख्याने या तुटक प्रवाहाचा नाद. सनईत नळीतील हवा पातीला आपल्या कंपनांशी बांधून घेते. पेटीत तशी नळीच नसल्यामुळे स्वराची उंची मुख्यतः जिभेची लांबी, जाडी आणि धातू यांवर ठरते. जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली, तर कंपनसंख्या चौपट होते.

म्हणून टोकाशी घासले की वजन घटून स्वर चढतो, तर रिव्हेटजवळ घासले की ताठपणा घटून तो उतरतो. जिभेखाली पातळ पोलादी पट्टी सरकवून बारीक कानशीने लांबीच्या दिशेनेच हलके हात फिरवावेत. मुळाशी आडवा ओरखडा पडला, तर तेथून जीभ तुटण्याचा धोका असतो. खरवडलेले पितळ परत येत नाही, तेव्हा घाई नको. बोटांच्या उबेनेही स्वर किंचित हलतो, म्हणून रीड निवू द्यावी आणि पेटीत बसवूनच तपासावी.

तपासण्यासाठी सुरात असलेली दुसरी रीड सोबत वाजवावी. 440 आणि 442 कंपनांचे स्वर एकत्र आले, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो व ओसरतो. हे विस्पंद मंदावत थांबले की स्वर जुळले. भाता मात्र एकसारखा चालवावा, कारण जोराच्या हवेने रीडचा स्वर बहुधा थोडा उतरतो.

कार्तिकातील थंडीत पंचवटीत पहाटे काकड आरतीला पेटी बासरीशी जुळली नाही, तर रीडला हात लावू नये. थंडीत बासरीचा स्वर उतरतो, पितळाचा किंचित चढतो. बासरी थोडा वेळ फुंकून उबदार करावी आणि मगच दोन्ही ताडून पाहावीत.