टाकीच्या कंट्रोलरला ५ व्होल्ट देणारा छोटा बक कसा निवडायचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काउंटरवर ‘पाच व्होल्टचं बक’ (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर) ‘द्या’ म्हटलं की पुढ्यात येतं ते नखापेक्षा जरा मोठं, ‘३ अँपिअर’ म्हणून विकलं जाणारं मॉड्यूल. तो ३ चा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. खरेदीला निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: बोर्ड किती करंट खाणार, इनपुट व्होल्टेज जास्तीत जास्त कुठपर्यंत उडू शकतं, आणि हे सगळं कुठल्या डबीत बंद होणार.

उदाहरण घेऊ सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरच्या कंट्रोलरचं. १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर), ५ व्होल्टचे दोन रिले, पातळी मोजणारा एक सेन्सर. निळ्या डबीतल्या नेहमीच्या रिलेची कॉइल ७० ओहमची, म्हणजे एकाला साधारण ७२ मिलिअँपिअर. दोन्ही ओढलेले असले की १४४. वायफायच्या झटक्यांसाठी ईएसपी३२ ला ५०० धरा. त्या बोर्डावर ५ चे ३.३ व्होल्ट करणारा एएमएस१११७ लिनियर असतो, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो, त्यामुळे ३.३ व्होल्टला जेवढा करंट तेवढाच ५ व्होल्टमधून जातो, त्यात सूट नाही. सेन्सरचे १५ मिळवले की बेरीज ६६० मिलिअँपिअरच्या आसपास. वर थोडी मोकळीक ठेवून १ अँपिअर सलग देणारा रेग्युलेटर पुरे.

इथे ७८०५, म्हणजे नेहमीचा तीन पायांचा ५ व्होल्टचा लिनियर रेग्युलेटर, का नको? सरासरी करंट २५० मिलिअँपिअर धरला तरी ७ व्होल्ट गुणिले ०.२५, म्हणजे १.७५ वॅट नुसते उष्णतेत जातात. हीटसिंक नसलेला टीओ-२२० (७८०५ चं नेहमीचं पॅकेज) दर वॅटला सुमारे ६५ अंश तापतो, म्हणजे ११४ अंशांची वाढ. मे महिन्यातल्या पंपरूमचे ४० त्यात घातले की चिप १५० च्या पुढे जाऊन स्वतःच बंद पडते. तेच काम बकने ९० टक्के कार्यक्षमतेने केलं तर उष्णता ०.१४ वॅट.

आता इनपुट. १२ व्होल्टला ‘१६ व्होल्टपर्यंत चालेल’ असली चिप घेऊ नका. लांब वायरचा चालू अडॅप्टर बोर्डात खुपसला की वायरचा इंडक्टन्स आणि इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून झोका घेतात, आणि व्होल्टेज क्षणभर जवळपास दुप्पट होतं. १२ चे २४, २४ चे ४८. ‘लावल्या लावल्या मेला’ अशा चिपा बहुधा याच झोक्यात जातात. १२ व्होल्टसाठी २८ ते ३६ व्होल्ट सोसणारी चिप घ्या. शिवाय सिरॅमिकला समांतर ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावा. त्याचा अंगचा रोध हा झोका मारतो. २४ व्होल्टला टीव्हीएस डायोडही (व्होल्टेजचा झटका शोषणारा) लावा. पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलवर आरसी स्नबर, म्हणजे झटके शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, नसेल तर तो आधी बसवा. नाहीतर दोष उगाच रेग्युलेटरवर जातो.

इनपुट व्होल्टेजची खालची बाजूही तपासा. वायर बारीक आणि लांब असेल तर बक उलटा वागतो: इनपुट उतरलं की तो जास्त करंट ओढतो. ९० टक्के कार्यक्षमतेने ५ वॅटच्या लोडला १२ व्होल्टवर ०.४६ अँपिअर, तर ८ व्होल्टवर ०.६९. वायरवरचा ड्रॉप आणखी वाढतो, आणि रिले ओढला की ईएसपी३२ रिसेट होतो. उपाय जाड वायर. मोठा रेग्युलेटर घेऊन काही फरक पडणार नाही.

निवड करताना एक-दोन बोर्डच हवे असतील तर ७८०५ च्याच तीन पायांत बसणारं तयार मॉड्यूल घ्या. ट्राको टीएसआर १-२४५० ला ६.५ ते ३६ व्होल्ट चालतात, १ अँपिअर मिळतो, इंडक्टर (बकला लागणारी कॉइल) आतच. महाग पडतं, पण डोकेदुखी नाही. एमपी१५८४ या बक चिपचं स्वस्त मॉड्यूल २८ व्होल्टपर्यंतचं. बंद डबीत त्याच्याकडून १ ते १.५ अँपिअरच धरा. एलएम२५९६ ही जुनी बक चिप मात्र छोट्या बोर्डावर नकोच. तो १५० किलोहर्ट्झवर चालतो, म्हणून इंडक्टर मोठा लागतो. त्यात स्वस्त मॉड्यूलवर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारी नकली चिप निघते, मग त्याच इंडक्टरमधला रिपल (करंटचा चढउतार) तिप्पट होतो आणि तो भाजतो.

मॉड्यूलवर आउटपुट ठरवणारा पितळी स्क्रूचा प्रीसेट (फिरवायचा रेझिस्टर) असतो, तो ठेवू नका. त्याचा सरकता संपर्क उचलला गेला की फीडबॅक (चिपला आउटपुट किती आहे ते कळवणारं व्होल्टेज) शून्यावर येतो, आणि चिप आउटपुटला जवळपास पूर्ण १२ व्होल्ट सोडते. त्याच्या जागी पक्के रेझिस्टर लावा. ०.८ व्होल्ट फीडबॅकच्या एमपी१५८४ ला खाली १० के, वर ४७ के आणि ५.६ के सिरीजमध्ये: ५.०१ व्होल्ट. शेकडो किलोओहमचे रेझिस्टर टाळा. पावसाळ्यात फ्लक्सचा चिकट थर ओलावा धरतो आणि आउटपुट सरकतं. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) बोर्ड धुवा, पूर्ण वाळवा, मगच कोटिंग मारा.

पीसीबी स्वतः काढणार असाल तर इंडक्टरचं गणित असं: १२ ते ५ व्होल्ट, ५०० किलोहर्ट्झ, ०.३ अँपिअर रिपल. उत्तर १९.४ मायक्रोहेन्री, म्हणून २२ घ्या. शिखर करंट १ अँपिअर अधिक निम्मा रिपल, म्हणजे १.१५ अँपिअर जाईल; सॅच्युरेशन, म्हणजे इंडक्टरचा इंडक्टन्स कोसळतो तो करंट, किमान २ अँपिअरचं हवं. आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, एक्स७आर किंवा एक्स५आर प्रकारचे, १६ व्होल्टचे, १२०६ आकारात. त्याहून लहान ०८०५ आकारातला ६.३ व्होल्टचा कपॅसिटर ५ व्होल्टखाली निम्म्याहून कमी उरू शकतो, आणि हे त्याच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. इनपुटचा सिरॅमिक चिपच्या पायांना अगदी चिकटून, स्विच नोडचं (चिप आणि इंडक्टर जोडणाऱ्या बिंदूचं) तांबं लहान, फीडबॅकचा ट्रॅक त्यापासून लांब, खाली अखंड ग्राउंड.

शेवटी ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर आउटपुटला लावा, साधारण १.०६ अँपिअर ओढेल. तो डबीबाहेर ठेवा, रेग्युलेटर डबीत बंद करून अर्धा तास चालवा. मग झाकण काढून इंडक्टर आणि चिप दोन्हींवर थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) टेकवा. इंडक्टर चिपपेक्षा जास्त तापलेला दिसला तर तो सॅच्युरेट होतोय किंवा फ्रिक्वेन्सी ठरल्यापेक्षा कमी आहे. ऑसिलोस्कोप स्विच नोडला लावला की यातलं कोणतं ते लगेच कळतं.