जुन्या बाजारातला मिक्सर

पुण्याच्या जुन्या बाजारातून ५०० वॅटचा मिक्सर आणला. विकणाऱ्याने रिकामा फिरवून दाखवला होता. घरी ओल्या खोबऱ्याची चटणी लावली, तर मोटर घूंऽऽ करते आणि पातं जागचं हलत नाही! जोर करून पुन्हा चालवला, तर सगळंच बंद.

बंद पडण्याचं कारण लगेच सापडलं. तळाशी लाल बटण असतं, मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं. प्लग काढून मोटर गार होऊ दिली, बटण दाबलं, झालं. (आई मात्र "भंगार उचलून आणलंस" म्हणून मोकळी.)

खरा घोळ कपलरचा. भांडं जिच्यावर बसतं त्या चकतीचे दाते पार झिजलेले. चकती नेहमीसारखी डावीकडे फिरवून काढायला गेलो, हात सोलले, पण ती ढिम्म. शेवटी हार्डवेअरवाले काका म्हणाले, "अरे, उलटे आटे असतात त्याला. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव." मिक्सर आडवा करून तळातून शाफ्टच्या (मोटरच्या फिरत्या दांड्याच्या) खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवला, वरून पकडीने पिळलं. सुटली! नवी चकती हातानेच घट्ट बसवली.

भांड्याखालची चकतीही बदलली. चटणी दुसऱ्या दिवशी झाली, जरा जाडसरच.