हार्ट अ‍ॅटॅक: वेळ कुठे जातो? या चुका टाळा

माझ्या काकांना पहाटे तीनला छातीत दाटून आलं. "रात्री भजी खाल्ली ना, पित्त झालंय," म्हणत त्यांनी काकूकडून ओवा मागून घेतला. बनियन घामाने चिंब झालं होतं, तरी सगळे उजाडायची वाट बघत बसले. हॉस्पिटलला पोचेपर्यंत नऊ वाजले. काका वाचले, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं. आता एक जिना चढताना दोनदा बसतात.

वेळ सगळ्यात जास्त जातो तो असा घरात. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरायला लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. 1986 साली इटलीत सुमारे 12 हजार रुग्णांवर जिस्सी नावाचा अभ्यास झाला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासात मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळपास निम्मे झाले. उशीर होत गेला तसा फायदा घटत गेला. छातीवर ओझं, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम असेल तर पित्ताची गोळी देऊन वाट बघू नका. मधुमेहींची आणि बायकांची कधी कधी छाती दुखतच नाही, नुसती धाप लागते, मळमळतं.

पेशंटला गाडी चालवू देऊ नका, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. ठोका अचानक बिघडू शकतो. 108 ला फोन करा. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ठोका ताळ्यावर आणायला शॉक द्यायची सोय असते. घरात उरलेली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मनाने जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच कमी असेल तर पेशंट कोसळतो.

तालुक्याच्या गावी आणखी एक चूक होते: "इथे नको, मोठ्या हॉस्पिटललाच नेऊ." कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) असलेल्या ठिकाणी दोन तासांत अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद वाहिनी फुग्याने उघडणं, होणार नसेल, तर जवळच ईसीजी काढून ते इंजेक्शन आधी घ्या, मग पुढे न्या. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरीही परतू नका. दुखत असेल तर परत काढायला सांगा.

आणि सहीसाठी मोठ्या मुलाची वाट? हॉस्पिटलच्या दारात पोचल्यापासून 90 मिनिटांत वाहिनी उघडायला हवी. त्याला फोनवर विचारा.

दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून घ्या. डॉक्टर ते आधी विचारतात. आमची काकू म्हणाली होती, "सकाळपासून."