टणक, उघड्या जमिनीवरून गोल्फचा फटका कसा मारावा

गवतावरच्या चेंडूखाली थोडी उशी असते. क्लब (फटका मारायची काठी) चेंडूच्या जरा मागे पडला तरी निभावतं. टणक मातीवर ती सवलत नाही. तिथे क्लब आधी जमिनीला लागला की उसळतो, त्याची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सरपटत ग्रीनच्या (छिद्राभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) पार जातो. म्हणून आधी चेंडू, मग जमीन.

सुरुवात क्लबपासून करा. ग्रीन जवळ आहे, मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) नाही? सरळ पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब) घ्या, त्यात कमीपणा मुळीच नाही. मध्ये थोडं गवत असेल तर ७ किंवा ८ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) चेंडू छोटासा उचलून पुढे घरंगळू द्या. उंच फटका अगदी भागच असेल तर वेजचा (उंच फटक्याच्या क्लबचा) बाउन्स, म्हणजे तळाच्या फुगीरपणाचा कोन, तपासा. सँड वेजला तो साधारण १० ते १४ अंश असतो. वाळूत हाच फुगीर तळ क्लबला रुतू देत नाही, पण टणक मातीवर तोच घात करतो. ४ ते ६ अंशांचा वेज बरा. क्लबफेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडू नका, म्हणजे बाहेर वळवू नका. उघडला की बाउन्स आणखी वाढतो.

चेंडूजवळची सुटी पानं, खडे उचलता येतात, मात्र त्यामुळे चेंडू हलला तर एक पेनल्टी स्ट्रोक (दंडाचा फटका). सुटी माती झटकणं किंवा जमीन दाबणं नियमात बसत नाही.

आता उभं राहणं. चेंडू मध्यापेक्षा किंचित मागच्या पायाकडे ठेवा. साठेक टक्के भार पुढच्या पायावर द्या आणि फटका संपेपर्यंत तो तिथेच राहू द्या. बहुतेक फटके इथेच बिघडतात: चेंडू उचलण्याच्या धडपडीत भार मागे जातो आणि क्लब आधी मातीत आपटतो. चेंडू उचलणं हे लॉफ्टचं (क्लबफेसच्या तिरकेपणाचं) काम आहे, ते त्याच्यावर सोडा. हात चेंडूच्या थोडेच पुढे हवेत. फार पुढे नेले तर क्लबची कड जमिनीत रुतते. बॅकस्विंग छोटा ठेवा, मनगटं झटकू नका, छाती लक्ष्याकडे वळू द्या आणि चेंडूपाशी येताना वेग कमी करू नका.

लांबच्या फटक्याला पाऊण स्विंग पुरे. चेंडू कमी उंचीवरून जाईल, जास्त धावेल, म्हणून ग्रीनच्या अलीकडेच टप्पा धरा.

सराव मॅटवर नको. मॅटवर क्लब घसरून चूक झाकली जाते. मोकळ्या मातीवर रेघ ओढा आणि चेंडूशिवाय स्विंग करा. क्लबचा ओरखडा रेघेवर किंवा तिच्या पुढे उमटू लागला की मगच चेंडू ठेवा.